कोण जिंकणार, हे सुनंदा सांगायची

सुनंदा गेली ती मार्चमधल्या एका दुपारी. तिच्या मुलीचा, केतकीचा, हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात मुगाची खिचडी डब्यात भरत होते. "नलूमावशी, डबा नको आणूस आता," एवढंच ती म्हणाली. मी तो गरम डबा ओट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन शेजारच्यांना कळवलं.

दिल्लीला लागून गाझियाबाद, तिथल्या वसुंधरा भागात आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, तिचं वरच्या मजल्यावर आणि माझं त्याच्या खाली. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, ती दिल्लीतल्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवून थकलेली. सकाळी तिचा षड्ज लागला की माझा चहा उकळायचा. तिचे यजमान अरविंदराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या दिवसांत दिल्लीत ऑक्सिजनसाठी लोक कसे फिरत होते ते इथल्या कुणालाही सांगायला नको. त्यांच्यासाठी सिलिंडर मिळाला नाही. केतकी स्वीडनमध्ये होती, विमानं जवळजवळ बंद होती, ती येऊ शकली नाही. बापाचे शेवटचे विधी तिने मोबाइलवर पाहिले. आणि त्याच संध्याकाळी, दुःखाने कोरडी झालेली सुनंदा तिला फोनवर म्हणाली, "यायचंच असतं तर आली असतीस." मी समोर बसले होते. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर कितीतरी महिने मायलेकींत नुसतं "जेवलीस का" आणि "थंडी आहे का" एवढंच चाललं. मग एका वसंतात केतकीने काही न लिहिता एका गाण्याची लिंक पाठवली. युरोपातले देश दरवर्षी गाण्याची एक मोठी स्पर्धा करतात, प्रत्येक देशाचं एक गाणं, अर्धी मतं परीक्षकांची आणि अर्धी घरी बसलेल्या लोकांची. त्यातलं ते गाणं होतं, केतकीच्या ऑफिसात सगळे त्याच्यावर खूश होते. सुनंदाने ऐकलं आणि उलट लिहिलं, "हे जिंकणार नाही. शेवटी आवाज चढवलाय, पण तिथे जीव नाही." ते जिंकलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी केतकीचा स्वतःहून फोन आला.

तिथून ते सुरू झालं. दर वर्षी थंडी सरता सरता गाणी यायला लागायची आणि सुनंदा त्यांच्या मागे लागायची. आधी डोळे मिटून ऐकायची, मग व्हिडिओ बघायची. मी विचारलं, "अगं, भाषा कळत नाही तुला, मग कसं सांगतेस?" तर म्हणाली, "लोक एकदाच ऐकतात आणि मत देतात, नलू. एकदा ऐकून भाजी चिरताना तोंडात आलं पाहिजे. पण परीक्षकांना त्यात काहीतरी अवघड दिसलंही पाहिजे. दोन्ही जमलं की झालं." कधी अंदाज बरोबर यायचा, कधी साफ चुकायचा. फायनल आपल्याकडे अपरात्री, म्हणून दोघी रविवारी सकाळी रेकॉर्डिंग बघायच्या, ही इथे आणि ती तिथे, निकाल आधी कुणी सांगायचा नाही या बोलीवर. फोनवर सुनंदा मुखडा गुणगुणून केतकीला सांगायची, हे बघ, इथे मार खाणार. अरविंदरावांचं नाव मात्र त्या गप्पांत कधी निघालं नाही.

मग तिला धाप लागायला लागली. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले, दिल्लीची हवा सोडा म्हणाले. ती म्हणाली, "कुठे जाऊ? पुण्याला आता माझं कोण आहे?" या हिवाळ्यात घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नळी नाकात घालून ती पहिल्यांदा बसली तेव्हा मशीनकडे बघत म्हणाली, "त्यांना कुठे मिळाला नाही... आणि मला बघ, घरबसल्या." मी केतकीला कळवायचं म्हटलं, तर तिने माझा हात घट्ट धरला. "नाही कळवायचं. आली तर माझ्या त्या एका वाक्याला भिऊन येईल. नाही आली तर मी पुन्हा तेच म्हणेन."

कळलं ते गाण्यामुळेच. फेब्रुवारीत नवी गाणी आली, केतकी म्हणाली, आई, गुणगुणून दाखव ना. हिने लिहिलं, घसा बसलाय. पुढच्या गाण्यालाही घसा बसलेलाच. मग केतकीने मला फोन केला. "मावशी, यार, खरं सांग. आई गात का नाहीये?" मी सांगितलं.

चारसहा दिवसांत ती दारात उभी होती. सुनंदा नळी सावरत म्हणाली, "नोकरी सोडून कशाला आलीस?" "रजा घेतलीये," केतकी म्हणाली आणि चपला काढून सरळ तिच्या पायाशी बसली. पुढचे दिवस दोघींनी गाणी ऐकण्यात घालवले. एका लहानशा देशाचं गाणं सुनंदाने धरलं, अंगाईसारखं, संथ. "हे जिंकेल." केतकी म्हणाली, "आई, इंटरनेटवर सगळे म्हणतायत हे तळाला जाणार." सुनंदा हसली, हसताना खोकली, आणि तो खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. केतकीने एकदम विषय काढला. "आई, बाबांच्या वेळी मी..." सुनंदाने हात वर केला. बोलायला श्वास पुरत नव्हता. थोड्या वेळाने म्हणाली, "गाणं लाव." केतकीने लावलं. त्यानंतर त्या विषयावर त्यांचं बोलणं झालं नाही, व्हायला वेळही उरला नाही.

तेराव्यानंतर कपाट आवरताना केतकीने मला विचारलं, "तिने मला माफ केलं होतं का गं? की तिला ऐकायचंच नव्हतं?" खोटं बोलणं सोपं होतं. पण मला खरंच माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. ती बराच वेळ एका साडीची घडी नीट करत राहिली.

आता ती परत गेली आहे. मशीन ज्याचं होतं तो घेऊन गेला, खोलीत सुनंदाच्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर पडलेले ओरखडे आहेत. फायनल अजून व्हायची आहे. गेल्या रविवारी केतकीचा फोन आला तेव्हा मी वर त्यांच्या घरातच खिडक्या उघडत होते. तिने ते संथ गाणं लावलं, मी खुर्चीत बसून ऐकलं. मला सुरातलं काही कळत नाही. गाणं संपलं की सुनंदा लगेच कधी बोलत नसे, डोळे मिटून जरा थांबायची आणि मग निकाल दिल्यासारखं एखादं वाक्य टाकायची. गाणं संपलं. बराच वेळ झाला तरी आम्हा दोघींपैकी कुणालाच आधी बोलावंसं वाटेना.