व्याही, लिनक्स आणि चिठ्ठ्या

आमच्या व्याह्यांइतका सज्जन आणि आमच्या व्याह्यांइतका छळवादी माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मी राधानगरीपासून गडहिंग्लजपर्यंत कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे, फक्त त्यांच्यासमोर सोडून. कारण ते व्याही आहेत. माझी मुलगी त्यांच्या घरात नांदते. व्याह्यांसमोर ‘नाही’ हा शब्द तोंडातून निघत नाही, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्यांनी चौथ्यांदा वाढायला लावलेला पांढरा रस्सा मुकाट प्यावा लागतो, आणि त्यांनी “पावणं, तुमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालू का?” असं विचारलं, तर लिनक्स खातात की नेसतात हे ठाऊक नसतानाही “घाला की, तुमचाच आहे” असं म्हणावं लागतं. मी तसं म्हणालो आणि तिथून सगळं सुरू झालं.

व्याही म्हणजे गडहिंग्लजच्या एका शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पत्नी आमच्या सोयरिकीच्या आधीच गेलेल्या, म्हणून निवृत्तीनंतर ते मुलाकडे, म्हणजे आमच्या जावयांकडे, रंकाळ्याजवळ राहायला आले. शर्टाच्या खिशात तीन पेनं; त्यातलं एक स्क्रीनवर चित्र काढायचं, शाई नसलेलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेला एक पेन ड्राइव्ह. चालताना नजर रस्त्यावर कधीच नाही, कायम दुकानांच्या पाट्यांवर. एकदा जावयांनी त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं, तर दोन तासांनी ते हात हलवत परत आले आणि म्हणाले, “त्या सायकलवाल्याच्या पाटीवरचा ‘स’ बघितलायस का? काय पोट हाय त्येचं!” लग्नाच्या बैठकीत सगळी मंडळी देण्याघेण्याच्या नाजूक विषयावर घसे खाकरत असताना ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी वरपक्षाचा एकमेव प्रश्न विचारला, “कॉम्प्युटर कुठला वापरता?” मला वाटलं, हुंडा म्हणून कॉम्प्युटर मागतायत. नंतर कळलं की त्यांना तो घ्यायचा नव्हता, सुधारायचा होता.

मी कचेरीतून निवृत्त झाल्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला लागलो होतो. सकाळी कळंबा तलावावर जायचं, बगळ्यांचे शंभर फोटो काढायचे आणि घरी येऊन त्यातल्या नव्याण्णवांत बगळा का दिसत नाही याचा विचार करायचा. फोटो उजळ करायला दुकानदाराने माझ्या मशीनवर एक भारी सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. ते चोरीचं आहे हे मला व्याह्यांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते पडद्यासमोर बसले, दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि अतीव दुःखाने म्हणाले, “पावणं, सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं एक चहा कुणाचा फुकट घेतला न्हाईसा, आणि म्हातारपणी चोरीच्या कुंचल्यानं बगळं रंगवता व्हय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची ही दारात रव्याच्या लाडवांची बशी घेऊन उभी होती, तिचाही चेहरा पडला. लिनक्स म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून केलेली, कुणीही फुकट वापरावी अशी कॉम्प्युटरची प्रणाली, असं त्यांनी सांगितल्यावर विरोध करणं शक्यच नव्हतं.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती आणि व्याही हात जोडून त्याकडे बघत होते. ही हळूच मला म्हणाली, “काही पूजा वगैरे असते का यात? नारळ आणू?” दुपार झाली, जेवणं झाली, त्यांनी खुर्चीतच एक डुलकी काढली, आणि जागे झाल्यावर माझा बगळा एका अगदी निराळ्या खिडकीत उभा होता. एकही फोटो गेला नव्हता. त्यांनी आधी सगळे दोनदा जपून ठेवले होते. पण प्रिंटर जो बंद पडला तो तीन आठवडे. व्याही खचले नाहीत. त्यांनी इंटरनेटवर पोलंडमधल्या कुणा अनोळखी माणसाला प्रश्न लिहून विचारला, त्याने उत्तर दिलं, आणि तेव्हापासून तो आमच्या नातेवाइकांत धरला जातो. “पोलंडच्या पावण्यांचा निरोप आलाय,” असं म्हणत व्याही सकाळीच हजर व्हायचे, आणि ही त्या पावण्यांच्याही वाटणीचा चहा टाकायची. व्याह्यांच्या स्वतःच्या मशीनवर तर आठवडाभर पेनने वर रेघ मारली की खाली उमटायची. दुसऱ्या कुणी डोकं आपटलं असतं. हे उलटं चित्र काढायला शिकले, आणि दोष दूर झाल्यावर हळहळले, “आत्ता कुठं हात बसाय लागला हुता.”

सगळ्यात कहर म्हणजे त्यांनी त्या मशीनला कोल्हापुरी शिकवली. लिनक्समध्ये पडद्यावरचा शब्द न् शब्द आपल्याला बदलता येतो, हे कळल्यावर त्यांनी चार महिने दुसरं काही केलं नाही. टाकाऊ फायलींच्या डब्याचं नाव झालं ‘उकिरडा’. काही बिघडलं की ‘चुकलंय कायतरी, बघा जरा’ अशी पाटी येते. आणि कुठल्याही प्रश्नाखाली दोन बटणं, ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. ही सगळी भाषा माझ्याही मशीनवर अर्थातच आली. मी एखादा बगळा पुसायला गेलो की पडदा विचारतो, ‘उकिरड्यावर टाकू?’, आणि माझी हिंमत होत नाही. फोटो साठत चालले आहेत.

एवढा शांत माणूस फक्त एका विषयावर भडकायचा, भाड्याचं सॉफ्टवेअर. आमच्या कोपऱ्यावर एक फ्लेक्सवाला आहे, वाढदिवसांचे फलक छापणारा. जावयांच्या दुकानाची पाटी व्याह्यांनी महिनाभर खपून काढली आणि घेऊन गेले, तर तो म्हणाला, “मास्तर, ही फाइल चालत न्हाय. आमच्या सॉफ्टवेअरमधली आणा की. ते घ्या तुम्ही, दर वर्षाला भाडं भरलं की झालं.” व्याही ताडकन म्हणाले, “आज भाडं भरायचं, आणि उद्या न्हाय भरलं तर माझंच चित्र मला बघू द्यायचं न्हाय? कुंचला विकणारा घरातल्या चित्राला कुलूप घालतो व्हय?” त्या दिवसापासून ते त्या दुकानावरून जाणं सोडून पलीकडच्या बोळातून वळसा घालू लागले. मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतका का चिडतो?

त्याचं उत्तर मला रंकाळ्याच्या कट्ट्यावर मिळालं. ऊन उतरलं होतं, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा होत्या, पलीकडच्या काठाला कुणी म्हशी धूत होतं. व्याही गळ्यातला पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत होते. मी सहज विचारलं, “यात काय असतं हो एवढं?” त्यांनी तो मुठीत घेतला. मग म्हणाले, “आमची ही.”

विहीणबाई अतिशय अबोल होत्या म्हणे. त्यात हे चित्राला बसले की कानांनी ऐकू येणं बंद. म्हणून त्या चिठ्ठ्या लिहायच्या. ‘आमटी झाकून ठेवलीया, जेवा.’ ‘दुधाकडं बघा.’ ‘मी बाजारला जाऊन येतो’; हो, ‘येतो’च, तिकडच्या बायका तशाच बोलतात. चौथी शिकलेल्या बाईचं गोल, जरा उजवीकडे झुकलेलं अक्षर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अक्षरांमागे धावणाऱ्या मास्तरांनी हे अक्षर त्या गेल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं. सापडतील तेवढ्या चिठ्ठ्या चित्रकलेच्या वहीत चिकटवल्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर, शाळेने भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक वळण जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरात शिरलं आणि वहीचा लगदा झाला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, शाळेने भाडं भरणं थांबवलं. राहिली ती पेन ड्राइव्हमधली एक फाइल, ती लिनक्सवर धड उघडेना. उघडली तरी नुसत्या रेघांचा गुंता दिसायचा. पोलंडच्या पावण्यांनीही हात टेकले होते.

“अहो, मग कुणाकडूनही उघडून घ्यायची,” मी म्हणालो. “फ्लेक्सवाल्याकडे ते सॉफ्टवेअर आहेच की.”

“माझ्या माणसाला भेटाय मी त्येच्या दारात जाऊन उभा राहू?” ते म्हणाले. “एक दिवस उघडंल आपोआप. लिनक्सची माणसं करालीत काम.” आणि ते पाण्याकडे बघत बसले. त्या माणसाची मला फार कीव आली, आणि रागही आला. उघडली नाही आणि तो पेन ड्राइव्हच खराब झाला तर? त्यांचं त्या अक्षरावाचून काय होईल, हे मला कल्पनेतही पाहवेना.

त्यानंतर महिन्याभरात आम्हा दोघांना नात झाली. बाळंतपण आमच्याकडे, त्यामुळे बारसंही आमच्याकडे. पाळण्यावर लावायच्या नावाच्या पाटीचं काम व्याह्यांकडे होतं, आणि ती पाटी काही होईना. आत्याबाईंनी नाव ठरवून गुपचूप त्यांच्या कानात सांगितलं होतं. ते रोज यायचे, माझ्या टेबलाशी बसायचे, नाव काढायचे आणि उकिरड्यावर टाकायचे. बारसं चार दिवसांवर आलं तेव्हा म्हणाले, “माझ्या हातचं नकोच वाटालंय, पावणं. आजीनं लिवायचं असतंय नाव.”

तेव्हा मी आयुष्यातला सगळा धीर गोळा केला आणि हात पुढे केला. “व्याही, तो पेन ड्राइव्ह द्या मला.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मी विसरणार नाही. हात छातीशी गेला. ओठ हलले. ‘न्हाय’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता, मला स्पष्ट दिसत होता. पण समोर मी होतो, मुलीकडचा असलो तरी व्याही. माझ्या प्रिंटरचे तीन आठवडे आणि माझे हजारो न पुसलेले बगळे त्या क्षणी माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांनी मान खाली घालून दोरा गळ्यातून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

फ्लेक्सवाल्याच्या दुकानात कुणा भावी नगरसेवकाचा भलामोठा चेहरा मशीनमधून हळूहळू बाहेर येत होता. त्याने फाइल उघडली. मिनिटसुद्धा लागलं नाही. पडद्यावर ओळीने चिठ्ठ्या उमटल्या. तो मोठ्याने वाचू लागला, “‘आमटी झाकून ठेवलीया, जेवा.’ हे काय, हाटेलाचा बोर्ड हाय व्हय?” मी त्याला सांगितलं कुणाचं अक्षर आहे ते. तो उठला, मशीन थांबवलं, भावी नगरसेवक नाकापर्यंत येऊन थांबले. मग एकेक चिठ्ठी त्याने मन लावून कुठेही उघडेल अशा प्रकारात जतन केली, दोनदा तपासली आणि म्हणाला, “मास्तरांना सांगा, माझ्याकडं एकबी ठेवली न्हाय. त्यांची माणसं त्यांच्या घरात.”

पेन ड्राइव्ह परत देताना मी जवळ थांबलो नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. थोड्या वेळाने बाहेरच्या टेबलाकडून ते शाई नसलेलं पेन घासल्याचा आवाज आला. बारशाच्या दिवशी पाळण्यावरचा रुमाल बाजूला झाला तेव्हा तिथे गोल, जरा उजवीकडे झुकलेल्या अक्षरात ‘सई’ लिहिलेलं होतं. ती पाटी छापली कोपऱ्यावरच्याच दुकानात, आणि फ्लेक्सवाल्याला पंगतीत व्याह्यांनी आग्रह करकरून वाढलं.

पुढे त्यांनी त्या चिठ्ठ्यांमधून सगळी अक्षरं वेचून कॉम्प्युटरचा टाइप, म्हणजे फॉन्ट, तयार केला आणि आपल्या मशीनचा पडदाच्या पडदा त्यात करून टाकला. फक्त ‘ज्ञ’ तेवढा साधा, छापील राहिला आहे. “तिनं कधी लिवलाच न्हाय,” ते म्हणाले, “मी माझ्या मनाचा कसा घालू?” माझ्या मशीनवर मात्र त्यांनी तो टाइप घातला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांनी माझ्या मशीनवर परस्पर घालायची टाळली. मी होऊन विचारलं, तर लाजून म्हणाले, “ती चार माणसांत बोलायची न्हाय हो.”

हल्ली संध्याकाळी मी त्यांना रंकाळ्यावर फिरायला बोलवायला जातो. ते चित्रात बुडालेले असतात. मला पाहून उठतात, मशीन बंद करायला घेतात. ‘बंद करू का?’ या प्रश्नाच्या जागी पडद्यावर विहीणबाईंची एक जुनी चिठ्ठी येते, रात्री दिव्याजवळ ठेवलेली असायची ती, त्याच अक्षरात: ‘दमलासा की. बंद करा आता.’ खाली दोन बटणं. व्याही तिच्याकडे बघत राहतात, मग अगदी हळू ‘न्हाय’ दाबतात आणि पुन्हा खुर्चीत बसतात. “एवढं वळण तेवढं संपवतो,” ते म्हणतात, आणि ते माझ्याशी बोलत नसतात. मी दाराशी चपला घालून उभा असतो.