पिकअपमध्ये मागे बसायला वजन हवं

सुमनआत्याने शिकवलं नसतं, तर आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नसतं. तिच्यामुळे मी शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला पोचलो. तिथे बस स्टॉपवर जाताना शेजारचे एक आजोबा रोज जुन्या पिकअपखाली आडवे दिसायचे. हॅलो म्हटलं की एक बूट हलायचा.

गाडीची उंची कमी करून त्यांनी ती हौसेने खाली, रस्त्यालगत बसवली होती. सायलेन्सरचे दोन पाइप मागच्या ॲक्सलखालून, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याखालून, नेले तर रस्त्याला घासत, म्हणून त्यांनी ते वाकवून वरून नेले. आता भार पडल्यावर ॲक्सल पाइपांवर आपटेल का, ही धास्ती होती. रविवारी गावात जुन्या गाड्यांची परेड होती आणि बायकोने बजावलं होतं, "खडखडाट झाला तर मी बहिणीच्या गाडीतून जाईन."

शनिवारी त्यांनी मला हाक मारली; माझ्या पाठीवरची पुस्तकांची बॅग बघून ते मला प्रोफेसर म्हणत. "प्रोफेसर, मागे बसायला वजन हवंय. मित्र आहेत?"

आम्ही चौघे रूममेट चढलो. "यार, याला मधे बसव, खरं वजन याचंच," एकजण माझ्याकडे बघून म्हणाला. आजी पुढे कान देऊन बसल्या. रेल्वेचे रूळ ओलांडले, तरी खडखडाट नाही; फक्त पाइपांचा गंभीर, घुमणारा आवाज आला.

"उद्या मी इथेच बसेन," आजी म्हणाल्या.

आजोबा हसले. "एकट्याने ऐकायचं असतं, तर एक पाइप पुरला असता. प्रोफेसर, उद्या तूही मागे चढ."

घरी येऊन मी लिहिलं: "ती. आत्यास सा. न. उद्या शेजारच्या आजोबांच्या गाडीतून मी इथल्या मिरवणुकीत जाणार आहे. तू शिवलेला शर्ट घालेन. माझी काळजी थोडी कमी कर. इथेही रस्त्यात हाक मारणारं माणूस भेटलंय."