उत्तरात भात शून्य

त्या वर्षी मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करत होते. भाताचं सरकारी धोरण बदललं तर मावळात भात किती राहील, याचं मॉडेल मला बांधायचं होतं. एकेका घराची जमीन, पाणी, कामाची माणसं समीकरणांत घालायची. त्या मर्यादांत सर्वांत फायद्याची मांडणी संगणक काढून देई. मळवलीच्या एका आबांचं उत्तर दर वेळी एकच येई: भात शून्य, सगळे दिवस शहरातल्या लोकांनी तिथं बांधलेल्या बंगल्याच्या राखणीला. प्रत्यक्षात आबा सगळ्या वावरात भात लावत होते.

"माहिती चुकली असेल. जाऊन विचार," वरिष्ठ म्हणाले.

मी गेले तेव्हा भातलावणी चालू होती. आबा शेजारच्या म्हाताऱ्या मावशींच्या खाचरात सात-आठ जणांबरोबर वाकलेले दिसले.

"आबा, तुमची लावणी झाली?"

"न्हाई. आज मावशीची, परवा माजी."

"मजूर किती लावता?"

"मजूर कशाला? आमी एकमेकाच्यात जातो."

ते हात धुऊन बांधावर आले, तेव्हा मी सांगून टाकलं, की आमच्या हिशेबानं त्यांनी भात सोडलेला बरा. ते रागावले नाहीत.

"गेल्या साली लावणीच्या टायमाला माजा ल्योक गेला, ताई. हायवेवर. मी घराभाईर पडलो न्हाई. रोपं तशीच राहिली व्हती. दहाव्याला निघालो तवा बघितलं, समदं वावर लावलेलं. या लोकांनी मला इचारलंबी न्हाई." त्यांनी खाचराकडे हात केला. "मी भात सोडला तर मावशीच्या वावरात कोन उतरंल?"

मला त्यांच्या मुलाचं ठाऊक नव्हतं. आमच्या पाहणीच्या तक्त्यात 'कामाची माणसं' या रकान्यात तिनाचे दोन झाले होते, आणि तो आकडा मीच, कारण न विचारता, भरला होता.

परत येऊन मी मॉडेल बदललं. घरं सुटी न ठेवता एकमेकांच्या कामाच्या दिवसांनी जोडली. आबांचा भात उत्तरात आला. पण मग मी दोन घरं काढून पाहिली, तर उरलेल्यांपैकी बहुतेकांचा भात एकदम गेला. आठवडाभर मी चूक शोधली. ती सापडली नाही. अहवालात हे निष्कर्ष शेवटच्या परिशिष्टात गेले.

दोन वर्षांनी मी पुन्हा मळवलीला गेले. मावशी वारल्या होत्या, त्यांच्या खाचराला बंगल्याचं कुंपण लागलं होतं. पलीकडच्या घरानंही जमीन विकली होती. आबांनी निम्म्याच वावरात भात लावला होता.

"मानसं जमत न्हाईत आता," ते म्हणाले. "तुमच्या गणितात काय आलं म्हनायचं?"

"तुमचा भात आला, आबा," मी म्हटलं. पुढचं मी सांगितलं नाही.