सुक्या मासळीची चटणी

पिंपरीच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला हिंजवडीतली भाड्याची खोली आठवते. माझ्यासोबत मणिपूरची एक मुलगी राहायची. आम्ही दोघी एकाच कंपनीत नुकत्याच लागलो होतो. एका रविवारी, तापातून उठल्यावर, माझ्या तोंडाला चव नव्हती आणि कोकणातलं घर फार आठवत होतं, म्हणून मीच तिला म्हटलं, "तुम्हारी वो सूखी मछली की चटनी बनाओ ना." तिने हौसेने मिरच्या भाजल्या, मासळी कुटली, आणि आम्ही गरम भाताबरोबर खायला बसलो तोच घरमालकीण काकू नाकाला पदर लावून दारात आल्या. "हे कुणी केलंय?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नसशील, तू तर आपल्यातली." मी मान खाली घातली. "आंटी, मैंने बनाया," ती म्हणाली, "इसको कुछ पता नहीं था." काकूंनी तिला संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितलं. रिक्षा आली तेव्हा बॅग उचलायला मी पुढे झाले, तर तिने हलकेच माझा हात बाजूला केला. "तू ऊपर जा, आंटी देखेगी." आता वाकडला माझं स्वतःचं घर आहे, तिचा नंबर केव्हाच बंद झालाय. 'मीच करायला सांगितलं होतं,' एवढंच तर म्हणायचं होतं मला.