सरांच्या घशातली मनुका

सरांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला होता. डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात गळ्यावर. आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर नऊ माणसं मांडी घालून, डोळे मिटून शांत बसली होती. एकानेही डोळा उघडला नाही.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात. ट्रे ठेवला नाही, टाकलाच. तरी कुणी डोळा उघडला नाही. सरांना कमरेत वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध हाणायला लागले. "वाका! अजून वाका!" माझ्या चार पोरांच्या घशातून मी बोरं काढलीत, नाणी काढलीत, एकदा बाहुलीचा हात काढलाय. पाचव्या धपाट्याला मनुका सुटली ती थेट पुढे बसलेल्या काकांच्या टकलावर. हे काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी डोळे मिटूनच ती उचलली आणि शेजारी ठेवली.

त्यांचा दोष नव्हता. सरांनीच सांगितलं होतं, "कसलाही आवाज आला तरी डोळे उघडायचे नाहीत. आवाजाकडे नुसतं लक्ष द्यायचं. जे येतंय ते येऊ द्या." मग जिभेवर मनुका ठेवून, ती न चावता, खोल श्वास कसा घ्यायचा हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. श्वासाबरोबर मनुका आत गेली.

डोळे उघडल्यावर डोंबिवलीहून येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "सर, मला घुसमटल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, ही घुसमट आहे, आणि सोडून दिलं."

सर खोकत खोकत म्हणाले, "छान."

वर्तकनगरला आमच्या कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन सर मनाने खचलेल्या माणसांना भेटायचे. आत एकेकाशी बोलणं, बाहेर शनिवारी सगळ्यांचा वर्ग. झाडलोट आणि चहा माझ्याकडे. मी चौथी शिकलेली. मनावरही उपचार असतो हे मला तिथे कळलं, तेही अर्धवट.

घाई म्हणून माहीतच नाही असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. सरांना चप्पल घालायला पाच मिनिटं लागायची. एकदा माजिवड्याला रिक्षावाल्याने नाही म्हटलं, तर त्याला म्हणाले, "मला राग आलाय, आणि मी तो बघतोय." रिक्षावाला म्हणाला, "बघा ना सर. बघून झालं की मागच्या रिक्षात बसा."

मला म्हणायचे, "मावशी, फरशी पुसताना पाण्याचा गारवा हाताला जाणवू द्या."

"तुम्ही पुसा, मी जाणवून घेते."

त्यांनी खरंच फडकं घेतलं. तासाभरात अर्धी खोली झाली. पण खोटं कशाला बोलू, कोपरे माझ्यापेक्षा चांगले निघाले.

त्या डोंबिवलीच्या बाईंचा नवरा गेलेला. आतल्या खोलीत तासभर बसायच्या, एक शब्द नाही. सरही गप्प. मी सरांना विचारलं, "गप्प बसायला डोंबिवलीहून इथवर यायचं? घरी नाही का बसता येत?"

"घरी त्यांना कुणी गप्प बसू देत नाही, मावशी."

मला ते पटलं. पण तोंडावर सांगितलं नाही.

मनुका बाहेर आली तरी सरांचं गिळणं काही परत आलं नाही. घास तोंडात जायचा, घोळायचा आणि रुमालात यायचा. डॉक्टरने घसा तपासला, म्हणाला, आत काही नाही. दीड महिना ताक आणि पेज. कुर्ता खांद्यावरून लोंबायला लागला. कल्याणला सरांचेही एक सर होते, त्यांच्याकडे जाऊन यायचे. मला नवल वाटलं. मग म्हटलं, न्हावीही आपले केस दुसऱ्याकडूनच कापून घेतो. तिथे जाऊन झोप बरी लागायला लागली, पण घास उतरेना. इकडे नऊच्या नऊ माणसं त्यांच्या गळ्याकडे बघायची. "सर, आज गिळलं का?" एकदा ओट्याला टेकून सर म्हणाले, "मावशी, मी असाच झिजून जाणार बहुतेक."

मला तो माणूस जायला नको होता. असले दिवसभर ऐकून घेणारे फार नसतात.

एका दुपारी मी माझी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन बसले. समोर सर, ताकाचा ग्लास घेऊन.

मी म्हटलं, "सर, तुमचा वर्ग बिनकामाचा. माणूस समोर मरतोय आणि नऊ जण डोळे मिटून! म्हशी बऱ्या, निदान मान वळवतात."

सरांनी ग्लास आपटला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "माझ्या माणसांना म्हशी म्हणायचं नाही, मावशी! मी सांगितलं तेच केलं त्यांनी!"

"तुम्ही विहिरीत उडी मारा म्हणाला असतात तर?"

"त्या काकांना पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं! त्या बाई आल्या तेव्हा स्वतःचं नाव सांगताना रडायच्या! तुम्हाला काय माहीत?" बोलता बोलता त्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोडली, चटणीला लावली आणि तोंडात टाकली. सर शाकाहारी.

मी भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्याकडे बघितलं असतं तर घास तिथेच थांबला असता.

"काका तर झोपले होते," मी भिंतीला म्हटलं.

"झोपले? झोपले?" दुसरा तुकडा.

भाकरी संपेपर्यंत मी त्या नऊ जणांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बरंचसं खोटं होतं. शेवटी ताटात हात फिरला आणि हाताला काही लागलं नाही, तेव्हा सर थांबले. बोटांचा वास घेतला.

"मावशी, ही सुकट होती?"

"होती."

"मी खाल्ली?"

"मी उपाशी आहे, म्हणजे तुम्हीच खाल्ली."

ते आधी हसले, मग रडायला लागले. मी उठून ताट घासलं. रडणाऱ्याकडे बघत बसायचं काम त्यांचं, माझं नाही.

पुढे सर कल्याणला राहायला गेले, वर्गही तिकडेच नेला. तळमजल्यावर आता शिकवणी चालते, पोरं पाढे ओरडतात.

मनुका घशात असताना सर वाचले, आणि घशात काहीच नसतानाही वाचले.