मुदतीआधी सोडवलेलं घर

माझ्या नणंदबाई, द्वारकाबाई, गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. विषमज्वराने बाराव्या दिवशी गेल्या. पुढच्याच आठवड्यात इथल्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. शेवटची ओळ अशी होती : ‘लहानपणीच वैधव्य आलेल्या बाई आपल्या बंधूंच्या आश्रयास होत्या.’ मी ती ओळ तीनदा वाचली. मग शाळेत शोकसभा झाली. आम्ही बायका मागे सतरंजीवर बसलो होतो. एक वयस्कर गृहस्थ उठले आणि बाईंच्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोलून झाल्यावर म्हणाले, “आणि अशा निराधार बहिणीला आयुष्यभर सांभाळून वडिलांचं गहाण पडलेलं घरही ज्यांनी सोडवलं, त्या भावाचंही आज कौतुक केलं पाहिजे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊ म्हणजे माझे यजमान, पुढच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. ते उठून काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली... ते उठले नाहीत. शोकसभेत बाईमाणसाने उठून बोलायचं नसतं, एवढ्यासाठी मीही गप्प बसले, आणि मला यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आला आहे. म्हणून हे लिहिते आहे. आश्रय कुणी कुणाला दिला ते गावाला कळू दे.

मी लग्न होऊन संगमेश्वराकडून या घरात आले तेव्हा वन्सं तिशीच्या होत्या. पुण्याला राहून शिक्षिकेची परीक्षा दिलेली, मुलींच्या शाळेत नोकरी, आवाज खणखणीत. सासरे वर्षभरापूर्वी वारले होते. मुलाला मुंबईत शिकवण्यासाठी त्यांनी हे घर गहाण टाकलं होतं. मुलगा दोनदा नापास होऊन बोटीने परत आला आणि कचेरीत कारकून झाला. तो मुलगा म्हणजे हेच. सासरे गेल्यावर, माझ्या लग्नाच्या सुमारास, कागद पंधरा वर्षांच्या नव्या मुदतीने यांच्या नावावर झाला आणि दर महिन्याचा हप्ता सावकाराच्या ओटीवर नेऊन देण्याचं काम वन्संवर आलं. सावकारांचं आडनाव मी लिहीत नाही. त्यांच्या नाती वन्संच्याच हाताखाली शिकल्या. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही तेच म्हणते.

हप्ता बारा रुपयांचा होता. वन्सं कधी सतरा नेत, कधी एकोणीस. मला पहिल्यांदा ते वेडच वाटलं. “वन्सं, मागितल्यापेक्षा जास्त कशाला द्यायचे?” असं मी विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “अगो इंदू, बाराच देत राहिलो तर पंधरा वर्षं व्याज चालू. आज पाच जास्त दिले तर तेवढं मुद्दल आजच कमी झालं, त्या पाचावर पुढं कुणी व्याज मागायचं नाही. आठ-नऊ वर्षांत घर मोकळं होतं बघ.” आणि थोड्या वेळाने, “पंधरा वर्षं थांबायला मला वेळ नाही गो.” या जादा पैशांसाठी त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळा सुटल्यावर दोन घरी शिकवण्या. वर्षाला दोन लुगडी, तीही मधे विरली की मधून फाडून उलटी जोडायची. चहा सोडला. दातांनी इतकं छळलं तरी मुंबईच्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत, लवंग धरून वर्गात शिकवलं. आणि गाव काय म्हणे? बाई चिकट आहे. पुढे ना मूल ना बाळ, एवढे पैसे कुणासाठी साठवते? हे बोलणाऱ्या बायकांच्या मुलींना बाईंनी फुकट लिहायला वाचायला शिकवलं होतं.

पावत्या त्यांनी जपल्या होत्या. प्रत्येकीवर अण्णांच्या हातचं ‘पोचले’ होतं. दर वेळी अण्णा तोंडाने सांगत, “जादाचे मुद्दलात धरतो हो, बाई.” साडेआठ वर्षं झाली तेव्हा वन्संच्या हिशोबाने शेवटचे थोडेसे रुपये राहिले होते. ते घेऊन त्या निघाल्या आणि मला म्हणाल्या, “चल, तूही ये. आज घर सुटायचं.” मी नवं लुगडं नेसून गेले होते, काहीतरी सण असल्यासारखी...

अण्णांनी वही काढली, चष्मा पुसला आणि सांगितलं की मुद्दलाचे सातशे अजून बाकी आहेत.

“सातशे?” वन्सं म्हणाल्या. “आणि मी दिलेले जादाचे?”

“ते आहेत ना. पाचशेच्या वर आहेत. तुमच्या नावाने अनामत ठेवलेत.”

“तुम्ही तर मुद्दलात धरतो म्हणत होतात.”

“बाई, कागदात पंधरा वर्षांची मुदत आहे. मुदतीआधी घर सोडवून घ्यायची सोय कागदात नाही. मग मुद्दलात धरणार कसे? शेवटी वळते करू.”

“आणि या पैशांवर व्याज?”

“अनामतीला कसलं व्याज?” असं म्हणून अण्णा हसले आणि घरात वळून आम्हाला पन्हं आणायला सांगितलं. वन्सं उठल्या. साडेआठ वर्षं एका बाईने पोटाला चिमटा घेऊन आणून दिलेले पैसे या माणसाने दुसऱ्यांना व्याजाने फिरवले आणि तिच्याकडून मात्र संपूर्ण मुद्दलाचं व्याज घेत राहिला! आणि वर पन्हं!

वकिलाने कागद पाहून मान हलवली. तोंडच्या बोलण्याला साक्षीदार नाही, मुदतीचं कलम स्पष्ट आहे, दावा लावलात तर खर्चच जास्त होईल. हे म्हणाले, “जाऊ दे ताई, आणखी सहा वर्षांनी सुटेलच की.” पुढचे दोन दिवस शाळेतून आल्या की वन्सं पावत्या पसरून बसत. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना एकदम थांबल्या आणि मला हाक मारली. “इंदू, तो अनामत म्हणाला ना? तुझ्यासमोर म्हणाला ना?”

“हो, माझ्यासमोर.”

“मग माझी अनामत मला परत दे म्हणावं. सगळी. एकदम.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या सरळ अण्णांच्या ओटीवर गेल्या, मुलींच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. अनामत परत मागितली. अण्णा म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात. वन्सं म्हणाल्या, “चालेल. मी बसते.” आणि खांबाला टेकून वह्या तपासायला लागल्या. दिवेलागणीला घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. अण्णांची ओटी बाजाराच्या रस्त्यावर. मासळी घेऊन येणाऱ्या बायका, कचेरीतून सुटलेली माणसं, शाळेतल्या मुलींच्या आया, सगळ्यांचा जायचा यायचा तोच रस्ता. कुणीतरी विचारायचंच, “बाई, तुम्ही इथं कशा?” वन्सं लाल शाईची दौत सांभाळत शांतपणे सांगायच्या, “अण्णांकडे माझी अनामत आहे. ती परत घ्यायला आल्ये. त्यांची सोय व्हायची आहे.” एक शब्द खोटा नाही, एक शब्द वावगा नाही.

ते मंदीचे दिवस होते. नारळ-सुपारीला भाव नव्हता, अण्णांचे पैसे बागायतदारांकडे अडकलेले, आणि गावातल्या कित्येकांनी, विशेषतः बोटीवर नोकरीला असलेल्या खलाशांच्या घरच्यांनी, आपली पुंजी अण्णांकडे ठेवलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी राजिवड्याच्या खलाशी वस्तीतली एक म्हातारी चाची येऊन वन्संशेजारी बसली. तिचे दोन्ही मुलगे जहाजावर होते. “बाय, तुजे देत नाय तर माजे देल काय?” तिने मोठ्याने विचारलं. मग तिनेही मागितले. आणखी दोघं आले. अकराव्या दिवशी अण्णांनी वन्संना आत बोलावलं. त्या आत गेल्या नाहीत. “जे सांगायचं ते इथंच सांगा.” शेवटी ओटीवरच, चार माणसांदेखत ठरलं. जादाचे सगळे पैसे ज्या त्या महिन्यापासून मुद्दलात धरायचे, उरलेली किरकोळ रक्कम घ्यायची आणि घर मोकळं झाल्याचा लेख करून द्यायचा. जाताना अण्णा म्हणाले, “बाई, तुम्ही माझी अब्रू घेतलीत.” वन्सं म्हणाल्या, “घेतली नाही. माझी अनामत ठेवली होतीत, ती परत मागितली एवढंच.”

कागद नोंदवायला दोघं कचेरीत गेले, अण्णा आणि हे. घर यांच्या नावावर, म्हणून सही यांची. वन्संना आत काही काम नव्हतं. त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या. सुटकेच्या लेखात त्यांचं नाव नाही, एकदाही नाही. उद्या कुणी तो कागद उघडला तर शोकसभेतले ते गृहस्थच खरे ठरतील. हा कसला कायदा, ही कसली नोंद, मला कळत नाही आणि कुणी समजावून सांगू नये.

हे सगळं लिहून झाल्यावर मी यांच्यासमोर ठेवलं. वाटलं होतं, छापू नको म्हणतील. ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, “एक राहिलंय. बारा रुपयांतले सहा मी देतो असं मी तुला लग्न झाल्यावर सांगितलं होतं. आठवतं?” आठवत होतं. ते सहा वजा करून उरलेल्या पगारात मी साडेआठ वर्षं घर चालवलं होतं. “ते मी पहिल्या वर्षापलीकडे कधी दिले नाहीत. इकडे तिकडे गेले. ताईने तेही भरले, आणि तुला कधी कळू दिलं नाही.” बोलले असते तर फार बोलले असते. ते म्हणाले, “हेही लिही.” लिहिलं आहे.

वन्संची खोली माजघराच्या मागे, पश्चिमेला. पूर्वी तिला खिडकी नव्हती, दिवसासुद्धा दिवा लावून वाचावं लागे. त्यांनी सासऱ्यांच्या पाठीमागे एकदा भिंत फोडायचं मनात आणलं होतं, तर अण्णांनी निरोप पाठवला की गहाण घराच्या चिऱ्याला हात लावायचा नाही. घर सुटल्यावर जो पहिला पूर्ण पगार हातात आला, त्यातून वन्संनी गवंडी बोलावला. जांभ्याचे चिरे काढून दोन हात रुंद खिडकी केली, फणसाच्या लाकडाची, हिरवा रंग दिलेली. पोफळींच्या मधून समुद्राचा एक तुकडा दिसतो. दोन वर्षं त्यांनी त्या उजेडात वाचलं, दोनच वर्षं. खारं वारं लागून आता बिजागऱ्या कुरकुरतात. दुपारी तीनच्या सुमारास ऊन आत येतं आणि थेट त्यांच्या रिकाम्या चटईवर पडतं. मी रोज ती खिडकी उघडते.