पाण्यात टिकेल असं प्लाय

माझी नोकरी माल परत पाठवण्याची होती. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. आलेला माल तपासायचा आणि पटला नाही तर टेम्पोवाल्याला तोंडावर सांगायचं, उतरवू नकोस. त्यामुळे माणसं मला खडूस म्हणायची, अजूनही म्हणतात. निवृत्त झालो तरी वांगी मी उलटीपालटी करूनच घेतो. त्यामुळे बोट करायची ठरली तेव्हा प्लायवूड आणायला कोण जाणार, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

बोट हौसेची नव्हती. आमचं गाव पवना धरणाच्या काठावर. शनिवार-रविवार शहरातली पोरं येतात, तंबूत राहतात, पाण्यात उतरतात. वरून पाणी निवांत दिसतं. खाली जुन्या शेतांचे बांध आहेत, गाळ आहे, कुंपणांच्या तारा आहेत. दर वर्षी कुणीतरी आत जातं ते वर येत नाही. मग फोन येतो गावातल्या तीन-चार पोहणाऱ्यांना, आणि त्यांत माझा मुलगा आहे, एकुलता एक. कंपनीत पाळीने काम करतो, तिशीला टेकलाय, पण फोन आला की भरलं ताट सरकवून उठतो. बोट नाही म्हणून ही पोरं बुडी मारून तळ पायांनी चाचपायची. मागच्या पावसाळ्यात त्याचा पाय खाली तारेत अडकला. जोडीदाराने केसांना धरून वर ओढला म्हणून वाचला. घरी आला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याच्या आईने आधी टॉवेल आणला. मी मात्र त्याला वाट्टेल ते बोललो, कारण घाबरलो की मला राग येतो.

तो शांतपणे म्हणाला, "आबा, बोट आसली तर वरूनच गळ टाकता यील. पान्यात उतरायचं कामच न्हाई."

मग मला दुसरं काही सुचेना. गावात वर्गणी काढली. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे दिली, दोघा-तिघांनी फक्त सल्ले दिले.

आधी लोणावळ्यात चौकशी केली. तिथली दुकानं बंगलेवाल्यांवर जगतात. प्लायचा भाव ऐकला आणि नुसतं पाणी पिऊन बाहेर पडलो. कुणीतरी घोरावाडी स्टेशनजवळचं एक दुकान सांगितलं. निघताना बायको म्हणाली, "आवं, सकाळच्या पारी निगालाय. त्येच्या भवानीच्या टायमाला मढ्याचं नाव काडू नका." दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. मी फारसा देवधर्म करत नाही, पण कुणाची भवानी मोडू नये एवढं मलाही कळतं. दुकानदाराने कशाला पाहिजे विचारलं तेव्हा मी म्हणालो, "किचनला."

त्याने माल दाखवला. मी कडा पाहिल्या, बोटाच्या पेराने ठोकून आतली पोकळी ऐकली. शिक्का होता, पण शिक्क्यावर माझा विश्वास नाही, शिक्का रबराचा असतो. बघायला तर चांगलं वाटलं. तरी आधी नमुना मग माल, ही सवय. कोपऱ्याचा एक तुकडा मागून आणला आणि परसात चूल मांडून जुन्या पातेल्यात उकळायला ठेवला. शेजारीण डोकावून गेली. म्हातारा काय शिजवतोय, असा प्रश्न तिच्या तोंडावर होता. संध्याकाळी तुकडा बाहेर काढला, तर चपातीचे पदर सुटावेत तसा सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सुटे पदर मी त्याच्या काउंटरवर टाकले. म्हटलं, "शेठ, ह्यो तुमचा वॉटरप्रूफ."

तो जराही बिथरला नाही. "काका, किचन बोलले तुम्ही. किचनमध्ये प्लाय कोण उकळतं?"

त्याची भवानी केव्हाच होऊन गेली होती. मी सांगून टाकलं. "बोट करायचीये. धरनात बुडालेली मानसं काडायला."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. गोदामात गेला आणि मागच्या ओळीतली एक फळी स्वतः ओढून पुढे आणली. मरीन प्लाय, बोटींना लावतात ते. उचलून बघा म्हणाला. कालच्यापेक्षा जड होती, कडेला कुठे फट नव्हती. मी मागायच्या आत त्याने तुकडा कापून दिला. "घ्या, उकळा." तो तुकडा मी जास्तच उकळला. रंग गेला, पण पदर सुटला नाही. भावात घासाघीस करायला मी तयारीने गेलो होतो, तर त्याने आपणच भाव उतरवला. वर म्हणाला, "काका, असल्या कामाला दुपारनंतरच येत जा." मला तो माणूस आवडला.

सुदुंबऱ्याजवळ फायबरच्या टाक्या करणारा एक जण आहे, त्याच्याकडून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चीक, आणि काचेच्या धाग्यांचं कापड घेतलं. अंगणात बोट उभी राहू लागली. कडांना भोकं पाडून, गोधडी शिवावी तशा फळ्या तांब्याच्या तारेने शिवल्या, सांध्यांवर कापड बसवून रेझिन ओतलं. मुलगा आणि त्याचे दोस्त काम करायचे, मी चुका काढायचो. एक सांधा मी पुन्हा करायला लावला तेव्हा पोरं कंटाळली. मी म्हटलं, पाणी कंटाळत नाही.

बायकोची एकच अट होती. "पयल्यांदा हिच्यात जितं मानूस बसलं पायजे. मी बसनार." रविवारी नारळ फोडून तिला काठाकाठाने फिरवून आणायचं ठरलं.

शनिवारी दुपारी फोन आला. कॉलेजातला एक मुलगा पाण्यात गेला होता.

पिकअप दारात आली. पोरांनी बोट उचलून वर ठेवली. लोखंडी गळ आणि दोर आत टाकले. बायको हात पुसत बाहेर आली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि बोटीत बसली. दोन्ही कडा धरून, पदर डोक्यावर घेऊन. "चला," म्हणाली. तशीच ती गावातून काठापर्यंत गेली. एरवी गाव हसलं असतं, त्या दिवशी कुणी हसलं नाही. पाण्याशी ती उतरली आणि एका अंगाला जाऊन उभी राहिली.

बुडालेल्या मुलाचा बाप शहरातून पोचला तेव्हा ऊन कलत होतं. माझ्याच वयाचा नसेल, पण फार लहानही नव्हता. येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. हातात गाडीची किल्ली तशीच. बोट पाण्यावर सावकाश येत-जात होती, गळ मागे ओढला जात होता. तो पाण्याकडे बघत होता. मी सांध्यांकडे बघत होतो, आत पाणी शिरतंय का, आणि माझा मुलगा बोटीतच आहे का.

अंधारायच्या आत गळाला जड लागलं. बोट काठाला आली. त्या पोराला चादरीने झाकलं होतं. माझा मुलगा खाली उतरला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, बाकी तो कोरडा होता. इतक्या वर्षांत या कामावरून तो कोरडा आलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला बरं वाटलं. दुसऱ्याचा मुलगा पुढ्यात पडलेला असताना मला बरं वाटलं, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली बघितलं.

तो बाप पुढे झाला. चादरीला हात लावायचा त्याला धीर होईना, म्हणून असेल, त्याने बोटीच्या कडेवरून हात फिरवला. माणूस अशा वेळी काहीही विचारतो.

"मजबूत आहे," तो म्हणाला. "कशाला केलीत ही बोट?"

"मासे धरायला," मी म्हणालो.